साडेआठचं आकाश

नागपूर,
२७ एप्रिल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन कट झाला की तू ठेवलास, हे मी तुझ्या आईला दोनदा विचारलं. "ठेवला," ती म्हणाली, आणि भेंडी चिरत बसली. म्हणून आता फोन नाही, पत्र. फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि मागून कुणीतरी तुझ्या नावाने हाका मारत असतं. पत्र निवांत वाचता येतं. अर्ध्यात सोडलंस तरी मला कळायचं नाही, तेवढी सोय आहेच.

आधी इकडचं. पारा त्रेचाळीसवर गेलाय. कूलरच्या ताट्या बदलल्या. या वेळी आईच्या हट्टाने वाळ्याच्या घेतल्या, त्यामुळे घरभर वास आहे, गारवा मात्र बेताचाच. नानांचं तसंच आहे. गुडघा दुखतो म्हणतात आणि रोज फुटाळ्यापर्यंत जाऊन येतात. बंटीचं लग्न अखेर काटोलच्या त्याच मुलीशी ठरलं, म्हणजे मामी हरल्या. तुला सुट्टी मिळणार नाही हे मी सांगून टाकलंय. मामींना ते पटलं नाही. त्यांना हल्ली काहीच पटत नाही.

आणि पुढच्या आठवड्यात तुझ्या पायलट-ट्रेनिंगमधली ती तीनशे नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री आहे, लांबचं उड्डाण, एकटीचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून परत बारामतीला यायचं, हे मला तुझ्याकडून नाही, रेणूकडून कळलं. असू दे. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण का लपवलंस तेही मला कळतं.

हवामानाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तू मेटिऑरॉलॉजीचा पेपर पहिल्या फटक्यात काढलास. पास व्हायला सत्तर टक्के लागतात आणि तुला त्याहून पुष्कळ जास्त पडले, हे मी सकाळी फिरायला येणाऱ्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की देशपांडे आता मला लांबून पाहून रस्ता बदलतात. तेव्हा शिकवणार नाही. फक्त त्या फोटोबद्दल बोलतो, कारण फोटो तूच पाठवला होतास.

हँगरचा पत्रा, एका सेसनाचं शेपूट, आणि वर निळ्या आकाशात पिंजलेल्या कापसाचे पुंजके. खाली तू लिहिलंस, "बाबा, किती क्यूट!" मी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. प्रत्येक पुंजक्याचं डोकं गोल, फुगीर. बूड मात्र फाटकं, विसविशीत, आणि त्यातल्या दोन-तिघांखाली राखाडी धागे लोंबत होते, ते जमिनीकडे निघाले होते आणि मध्येच विरत होते. अल्टोक्युम्युलस फ्लॉकस, मधल्या उंचीवरचा पुंजक्यांचा ढग. मी लगेच फोन लावला आणि "कशी आहेस" विचारायच्या आधी "आज जाऊ नकोस" म्हणालो. तुला ब्रीफिंगला जायचं होतं. मग जे झालं ते झालं.

तू म्हणालीस, "तुम्ही ढग बघून घाबरता, मी मेटार बघून उडते." वाक्य झकास होतं. नानांना मी ते मुद्दाम ऐकवलं, तेही हसले.

पण बेटा, तो ढग मेटारमध्ये, विमानतळाच्या त्या हवामान-अहवालात, येत नाही गं. तुला हे माहीत असणार, तरी लिहितो. मेटार लिहिणारा आकाश किती अष्टमांश झाकलंय ते पाहतो आणि ढगाचा तळ किती फुटांवर आहे ते देतो. नाव घालून सांगायचे ढग फक्त दोन, क्युम्युलोनिम्बस आणि टॉवरिंग क्युम्युलस. म्हणजे वादळ उभं राहिल्यावर, नाहीतर उभं राहायला लागल्यावर. तुझे हे पुंजके तिथे नुसते "स्कॅटर्ड" म्हणून जातात, आणि जास्त उंचावर असले तर कधी तेवढेही जात नाहीत. आमच्या हवामान ऑफिसातल्या सिनॉपच्या, म्हणजे ठरल्या वेळच्या नोंदींच्या, रजिस्टरात मात्र त्यांना स्वतःचा आकडा होता. मधल्या ढगांच्या रकान्यात ८. बुरूज फुटलेला अल्टोक्युम्युलस असो की पुंजक्यांचा, दोघांना तोच आठ. सकाळी साडेआठच्या ऑब्झर्वेशनला मी तो लिहिला की दुपारच्या ड्यूटीवाल्याला सांगून निघायचो, "गड्या, आज खिडक्या लावून घे."

कारण असं की हे पुंजके दोन किलोमीटरच्या वर, कधी सहा-सात किलोमीटरवर तयार होतात, आणि तयार होताना त्यांना जमिनीच्या उष्णतेची गरज लागत नाही. तिथली दमट हवा आपली आपणच वर सरकायला लागलेली असते. सकाळी खाली सगळं शांत असतं, जमीन अजून तापलेली नसते. दुपारी तीनपर्यंत जमीन तापते, खालची हवा उसळून वर जाते, आणि ती जर त्या थरापर्यंत पोचली तर पुढे तिला अडवायला कुणी नसतं. बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत ढग चढतो. तुमच्याकडे त्याला वळीव म्हणतात, आमच्याकडे अवकाळी. नाव काहीही म्हण, विमान त्याच्या जवळ नको. हे सगळं घडायला पाच-सहा तास मिळतात, आणि त्याची चाहूल साडेआठला मान वर करणाऱ्यालाच लागते.

रोज असं होतंच असंही नाही, हे कबूल. कित्येक दिवस ते दहा वाजेपर्यंत विरून जातात आणि संध्याकाळ कोरडी ठणठणीत. ऑफिसात तर माझं नाव "आठवाले" पडलं होतं. पाऊस नाही पडला की वानखेडे चहाच्या वेळी विचारायचे, "का हो आठवाले, छत्री कुठाय?"

पण एका मे महिन्यात पडला. सकाळी तीन अष्टमांश, हेच पुंजके, हेच लोंबते धागे. दुपारी चारपर्यंत काही नाही, नुसती ऊन ओकणारी हवा. पाचच्या सुमारास वर्धा रोडच्या बाजूने आकाश आधी पिवळं झालं आणि मग मातकट. वाऱ्याच्या यंत्राची सुई मी बघत होतो, ती एकदम उडाली. स्टीव्हन्सन स्क्रीनची, म्हणजे थर्मामीटरच्या पेटीची, दारं बंद करायला गेलो तर स्वतःला उभं ठेवणं कठीण. तापमान बघता बघता पंधरा-सोळा अंशांनी उतरलं. हवेचा दाब नोंदवणाऱ्या बॅरोग्राफच्या पेनाने कागदावर सरळ उभी उडी मारली, तो कागद मी पुष्कळ दिवस ठेवला होता. आणि या सगळ्यात मुंबईहून आलेलं एक विमान वर होतं. दोन घिरट्या घातल्या त्याने. मग रायपूरला निघून गेलं.

त्या पायलटला मी कधी पाहिलं नाही. आत किती माणसं होती, कुणाचं काय अडलं, कोण किती ओरडलं, कल्पना नाही. पण तो वळला. त्या रात्री घरी आल्यावर मी आईला वादळाचं काही सांगितलं नाही, त्या वळण्याचंच सांगत बसलो. तिला आठवतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

आणि ते लोंबते धागे, व्हर्गा. पाऊस निघालेला असतो, पण कोरड्या हवेत वाटेतच वाळून जातो. वाळताना हवा थंड करतो, थंड हवा जड होते, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते. उतरायला आलेल्या छोट्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, छान वाटतं, नाक वर येतं, आणि दुसऱ्याच क्षणी वारा पाठीमागून. तेव्हा हाताखाली उंची नसते. वादळ दहा मैलांवर असलं तरी त्याचा वारा त्याच्या पुढे धावत येतो, म्हणून वीस नॉटिकल मैल लांब राहायचं म्हणतात, ते उगाच नाही. आणि ढगात तर अजिबात शिरायचं नाही, चार मिनिटांसाठीही नाही. बाहेरचं दिसेनासं झालं की कान खोटं बोलतो. विमान कलतं आणि शरीर म्हणतं, सरळ आहे. तुला अजून इन्स्ट्रुमेंट रेटिंग

थांबतो. पुन्हा व्याख्यान झालं. आई आत्ताच खांद्यावरून वाचून गेली आणि म्हणाली, "पोरीला पत्र लिहून राहिले का बुलेटिन?" रागावू नकोस. निवृत्त माणसाच्या हातात पेन दिलं की हे असं होतं.

तुला सोनेगाव विमानतळावरचे आमचे हवामानाचे फुगे आठवतात का? संध्याकाळी साडेपाचचा फुगा सोडायचा असला की आई तुला स्कूटीवर घेऊन यायची. हायड्रोजन असायचा, म्हणून पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. तू तारेच्या कुंपणापाशी उभी, हातात पारले-जी. फुगा सुटला की मी थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावायचो, सहकारी आकडे उतरवायचा. सगळं झाल्यावर मी बाहेर आलो की तू म्हणायचीस, "बाबा, मला अजून दिसतोय." मला वाटायचं पोट्टी थापा मारते. एकदा मी बोट दाखवायला लावलं आणि परत जाऊन दुर्बिणीतून बघितलं, फुगा बरोबर तिथेच होता. शेजारच्या सगळ्यांना बोलावून मी ते सांगितलं होतं. तुझं क्लास वन मेडिकल झालं तेव्हा डोळ्यांचा रिपोर्ट बघून मला पहिली आठवण ती झाली. एवढ्या नजरेच्या मुलीला मी आकाशाकडे बघ म्हणून सांगतोय, हे जरा हास्यास्पदच आहे. पण तुझी नजर आता काचेच्या पॅनेलवर जास्त असते, हे तूच सांगितलंस.

तो फुगा पंचवीस-तीस किलोमीटर वर जाऊन फुटतो, हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू जेवली नव्हतीस. तेही आठवतं. आणि दुसऱ्या दिवशी विचारलंस, "त्यात माणूस का बसवत नाहीत?" तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

आमच्या घराला तशी विमानांची सवय जुनी. आबा टपालात होते. १९४९ साली रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारी दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला येऊन भेटायची. पिशव्या अदलाबदल करायच्या आणि जो तो आपापल्या गावी परत. अख्ख्या देशाची पत्रं रात्री दोन तास आपल्या नागपुरात असायची! आबा कंदिलाच्या उजेडात पिशव्यांच्या चिठ्ठ्या वाचायचे. पावसाळ्यात एखादं विमान यायचं नाही. बाकीची थांबायची, साहेब चिडायचे, तारा जायच्या. आबांची यावर एकच टिप्पणी असायची, "टपाल उशिरा गेलं म्हणून कोणी मेलं नाही." मला लहानपणी ते आळशीपणाचं वाटायचं. नानांना अजूनही वाटतं. ते टेलिफोन खात्यात होते ना.

तू फोनवर म्हणालीस, "एक दिवस रद्द झाला की किती पैसे जातात माहीत आहे का बाबा?" माहीत आहे. हप्ता माझ्याच खात्यातून कटतो. खरं सांगू, ढगापेक्षा मला या वाक्याची धास्ती वाटते. ढगाला मी ओळखतो. पण सकाळी मान वर करून पुंजके बघितल्यावर तुझ्या डोक्यात आधी तुझ्यासाठी विकलेला बेसा रोडचा प्लॉट यावा, हे मला नको आहे. तासांचा दर, हॉस्टेलचं भाडं, पुढच्या महिन्याचा हप्ता, बॅचमधली मुलं पुढे गेली, सगळं एकदम यावं आणि तू म्हणावंस, "बघू, तीनच्या आधी परत येऊ." बहुतेक वेळा तीनच्या आधी परत येताही येतं, म्हणून तर माणसाला सवय लागते.

इन्स्ट्रक्टर माझ्याहून हुशार आहेत, वाद नाही. ते परवानगी देतील तेव्हा विचार करूनच देतील. पण ते देतील सकाळच्या आकाशाला बघून, आणि तू दुपारी दुसऱ्या गावी एकटी असशील, टाकीत पेट्रोल भरून, घरी परत येण्याच्या घाईत. तिथलं आकाश तुलाच बघायचं आहे. लॉगबुकात त्या तासांपुढे पीआयसी लिहितेस ना? पायलट इन कमांड. लायसन्ससाठी त्याचे शंभर तास लागतात म्हणे. न उडता झाडाखाली बसून काढलेला तास त्यात धरत नाहीत. धरायला पाहिजे होता.

परक्या विमानतळावर रात्र काढावी लागली तर काढ. कुठलीही लॉज कर, चांगली कर, बिल मला पाठव. आईला नको पाठवूस, ती भाव करायला फोन करेल.

आता जे लिहितो ते लिहायचं की नाही, याचा विचार करत मध्ये एक चक्कर मारून आलो.

तुझी आजी गेली तेव्हा तू आठवीत होतीस. शेवटचे चार दिवस ती शुद्धीत नव्हती आणि तिची उजव्या हाताची बोटं थांबत नव्हती. अंगठा आणि पहिली दोन बोटं. चादरीवरून काहीतरी चिमटीत धरायची, ओढायची, बाजूला ठेवायची, पुन्हा धरायची. चादर स्वच्छ होती, काही नव्हतं तिथे. आत्याला ते बघवेना, ती हात धरून ठेवायची, सोडला की पुन्हा सुरू. तुला आठवतं तू काय म्हणालीस? "आजी वाती करतेय." आणि खरंच, तीच चिमूट. आर्वीला लहानपणी शेतात कापूस वेचला तिने, बोंडाच्या कळा टोचून टोचून बोटांची टोकं जाड झालेली, मग जन्मभर सरकी काढून फुलवाती वळल्या. नवरात्राच्या आधी अख्ख्या गल्लीला पुरवायची. तू घरी जाऊन देवघराच्या खणातला कापूस आणलास आणि तिच्या बोटांत दिलास. बोटं शांत झाली असं मी म्हणणार नाही. ती तशीच चालत राहिली, फक्त आता त्यांच्यात कापूस होता.

रात्रीच्या ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता, भंडाऱ्याकडचा. मी त्याला बोटांचं विचारलं. तो म्हणाला, याला फ्लॉक्सिलेशन म्हणतात, हिपोक्रॅटिसनेसुद्धा लिहून ठेवलंय, तापात माणूस चादरीचे पुंजके वेचायला लागला की लक्षण बरं नसतं. मला तो शब्द ओळखीचा वाटला. ढगाच्या नावातला तोच लॅटिन शब्द, लोकरीचा पुंजका. तोपर्यंत तो माझ्यासाठी रजिस्टरातला एक आकडा होता आणि वानखेड्यांची थट्टा होती. डॉक्टर बिचारा चांगला होता, तो माहिती देत होता. सकाळी सहाला ती गेली.

म्हणून तो फोटो बघून माझ्या पोटात काय झालं, ते फोनवर मला सांगता आलं नाही. त्याचा तुझ्या उड्डाणाशी काडीचा संबंध नाही, हे मलाही समजतं. फ्लॉकस ढगाने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. सुंदर असतो तो. सिरसमध्येही असतो, सिरोक्युम्युलसमध्येही. २०१७ साली क्लाउड अ‍ॅटलासची नवी आवृत्ती आली, तेव्हा स्ट्रॅटोक्युम्युलसलाही ही जात दिली. मी निवृत्त झाल्यावर. आता त्याचं निरीक्षण लिहायला मला रजिस्टर नाही, म्हणून गच्चीवर उभा राहून आईला सांगतो. ती म्हणते, "वाळवणावर पाऊस येणार का, तेवढं सांगा."

तेच तर सांगता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने ढगांना लॅटिन नावं द्यायला सुरुवात केली. धंदा औषधांचा आणि लक्ष सगळं वर. १८०३ साली त्याचा निबंध छापून आला आणि त्याची नावं आजही आपण वापरतो. आता उपग्रह आहेत, रडार आहे, वीज कुठे पडतेय ते फोनवर दाखवणारं दामिनी आहे. ते दामिनी घेतलंस का? मागच्या वेळी सांगितलं होतं. घेतलं नसशील तर आत्ता घे, पत्र बाजूला ठेवून घे.

बघ, परत तिथेच आलो.

तुझ्या पहिल्या सोलोच्या दिवशी तू व्हिडिओ पाठवलास, त्यात उतरल्यावर तुझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. आईने तो पाहून आधी "सर्दी होईल" म्हटलं आणि मग आत जाऊन रडली. मी रडलो नाही. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून मागचं आकाश बघत होतो. निरभ्र होतं, एका कोपऱ्यात जेमतेम एक अष्टमांश क्युम्युलस, चपटा, निरुपद्रवी. मग मी तुझ्याकडे बघितलं. ओल्या केसांची, दात काढून हसणारी. आमच्या घरात कुणी एवढं मोठ्याने हसलेलं मला आठवत नाही. आबा असते तर त्यांनी टपाल खात्याच्या सगळ्या पेन्शनरांना गोळा केलं असतं.

तू जा. जाऊ नकोस असं मी पुन्हा म्हणणार नाही, परवा म्हणालो तेवढं पुरे. चांगल्या दिवशी जा, सकाळी लवकर निघ, ऊन चढायच्या आत शेवटचा टप्पा उरक. विदर्भापासून दक्षिणेकडे ती द्रोणीय रेषा, कमी दाबाचा पट्टा, या आठवड्यात बुलेटिनमध्ये रोज येतेय, म्हणजे अरबी समुद्राकडची दमट हवा तुमच्या बाजूला येत राहणार. गुरुवारनंतर कमी होईल असं दिसतं. दिसतं म्हणतो, होईल म्हणत नाही.

पाणी पी. पॅराशूटचं खोबरेल नाही मिळालं तर सांग, इथून पाठवतो. रेणूला माझ्याकडून आशीर्वाद सांग, आणि माझ्याशी बोलल्याबद्दल तिच्यावर चिडू नकोस.

तुझा,
बाबा

सई, खालची जागा रिकामी होती म्हणून मी लिहून राहिली. यांनी तीन दिवस लावले या पत्राला, त्यातला एक दिवस नुसता गच्चीवर. पार्सल उद्या निघेल. पातोडी टिकत नाही म्हणून नाही पाठवत, शेवचिवडा आणि संत्रा बर्फी आहे, बर्फी रेणूला पण दे. ढगांचं यांचं ऐक, बाकी ऐकलं नाही तरी चालते. आणि तो बेसा रोडचा प्लॉट विकायचं मीच सांगितलं होतं, यांनी नाही. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचायचं, कोणी फुकट घेतलं नसतं. चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याचा हिशेब तू कायले करतेस?
— आई